भुवया उंचावलेली गाडी

भाऊ, तुला पोचवायला घाटावर आलेल्यांपैकी तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की आता गाडीचं काय. तू कसा गेलास हे एकानेही विचारलं नाही. मला राग आला नाही. तुलाही आला नसता; तू त्यांना चहा पाजून वर गाडी दाखवायला नेलं असतंस. अकरा वर्षं नागपूरच्या महाल भागात तुझी ओळख 'त्या गाडीवाले' अशीच होती. ज्यांना ती गाडी आवडायची आणि ज्यांना ती बघवत नव्हती, असे दोन तट पडले होते. मी दुसऱ्या तटात होते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

आज पंधरा दिवस झाले. तेरवी उरकली, पाहुणे गेले, मंडपवाला ताडपत्री घेऊन गेला. वहिनी वेळेवर जेवते. मधल्या एका दिवसाबद्दल मात्र तुला सांगायचं राहिलं आहे. आठव्या दिवसाबद्दल. त्या दिवशी उमरेडला माझ्या जुन्या विद्यार्थिनीचं, प्रज्ञाचं लग्न होतं. तू तिला शब्द दिला होतास, की लग्नाला हीच गाडी येईल आणि चालवायला तू असशील. दुसरी गोष्ट तर आता होणार नव्हती. पहिलीचं काय करायचं, हा प्रश्न तू माझ्यावर टाकून गेलास.

तू ती गाडी आणलीस त्या दिवशी मी धरमपेठेतून, माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमधून घरी येत होते. गल्लीच्या तोंडाशी गर्दी दिसली. मला वाटलं अपघात. जवळ गेले तर मधोमध तू उभा, आणि शेजारी ती लांबच लांब परदेशी गाडी, रायपूरच्या कोण्या व्यापाऱ्याने वापरून काढून टाकलेली. हेडलाइटच्या वर इंडिकेटर असे वळवून बसवलेले, की गाडी भुवया उंचावून आपल्याकडे पाहते आहे असं वाटावं. मागची डिक्की म्हणजे दुसऱ्याच गाडीची आणून वर ठेवल्यासारखी. पानठेल्यावाल्या बावण्यांनी तुला विचारलं, "गाडी तुमच्यावर नाराज आहे का गा, भाऊ? पाहून कशी राहिली, पाहा." तू शांतपणे म्हणालास, "नाराज नाही. लोकायले तोलून राहिली."

मी त्याच दिवशी तुला सांगितलं, की ही गाडी लग्नाला भाड्याने कोणी नेणार नाही. नवरदेवाची गाडी पाहून लोकांना बरं वाटलं पाहिजे. ही पाहून प्रश्न पडतात.

पहिला हंगाम मी खरी ठरले. लोक यायचे, गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि 'कळवतो' म्हणून जायचे. काही जण आतलं पाहून घाबरायचे. किल्ली फिरवायची नाही, खाचेत खुपसायची आणि बटण दाबायचं. गिअरचा दांडा खाली नाहीच, स्टिअरिंगला वायपरच्या काडीसारखी एक काडी. आणि बाकी सगळं, एसी, रेडिओ, फोन, सीट, एकाच गोल खुंटीवर. रेडिओचा आवाज शोधायला जावं तर सीट तापायला लागायची. नागपुरात, मे महिन्यात.

गाडीबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक इंग्रजीत होतं. म्हणून रोज दुपारी जेवणानंतर तलावाजवळच्या शेडमध्ये मी समोरच्या सीटवर बसून वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि तू खुंटी फिरवून पाहायचास. मला वाटलं होतं दहा पानांत कंटाळशील. तू सगळं पुस्तक ऐकलंस, सूचीसकट. मॅट्रिकला तीनदा बसलेला माणूस. एखादी ओळ मी गाळली तर तुला कळायचं. म्हणायचास, "मधात काही सोडलं तू, शोभे. वापस वाच."

महालातलं ते पहिलं लग्न मी कधीच विसरणार नाही. नवरदेव तयार व्हायला उशीर झाला, आणि त्याचे मित्र तुझ्या गाडीत चारही दारं उघडी टाकून गाणी लावून बसले. इंजिन बंद. दोन तास. वरात निघायच्या वेळी बॅटरी संपली. आपल्याकडे बंद पडलेल्या गाडीला एकच इलाज माहीत. सगळे मागे लागले. ही गाडी तर बॅटरी गेली की चाकं धरून बसते, गिअर मोकळाच होत नाही. चाळीस माणसं घामाघूम होऊन ढकलताहेत, गाडी इंचभर हलत नाही, गल्ली दोन्हीकडून बंद, आणि बॅण्डवाले वाजवताहेत, कारण त्यांना थांबा म्हणायचं कोणाला सुचलं नाही. तू मला फोन केलास. मी स्कूटीवर पुस्तक घेऊन आले. भर वरातीत, नवरदेवाच्या मामांनी धरलेल्या मोबाइलच्या उजेडात, मी ते पान वाचलं: ड्रायव्हरच्या पायाजवळ एक झाकण आहे, ते काढा, आतला दांडा ओढा. तू ओढलास. गाडी मोकळी झाली. पण तोवर नवरदेव पायी निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, विकून टाक. तू म्हणालास, चूक गाडीची नव्हती. आपण तिला दुसऱ्या गाडीसारखं वागवलं.

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं ते तू जाईपर्यंत चाललं. तुझं म्हणणं, ती देखणी आहे, लोकांचे डोळे अजून तयार नाहीत. माझं म्हणणं, गाडी डोळ्यांना तयार करायला नसते, माणसांना पोचवायला असते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी पहिल्या दिवशी सांगते, की गाडी तुमच्या हातापायांचं ऐकते, घाबरू नका. ही गाडी आधी स्वतःशी विचार करते. दर दसऱ्याला पूजा झाली की तू माझ्यापुढे किल्ली धरायचास. "एकदा चालवून तर पाह वं." मी दर वर्षी नाही म्हटलं. शेकडो बायकांना गाडी शिकवणारी बाई घरच्या गाडीला हात लावत नाही, हे तू हसत हसत लोकांना सांगायचास. तुला ते लागत असावं. मी कधी विचारलं नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पुढे राहून जाईल. संसार मोडून मी घरी परत आले तेव्हा सगळ्यांनी काही ना काही विचारलं. तू विचारलं नाहीस. तुझी तेव्हाची जुनी गाडी दारात होती, तिच्या चाव्या माझ्या हातावर ठेवल्यास आणि म्हणालास, हिच्यावर पोरींना शिकव, क्लच अजून चांगला आहे. माझी शाळा त्या क्लचवर उभी राहिली. मी तुला त्याबद्दल कधी काही बोलले नाही. आपल्यात बोलायची पद्धत नव्हती. पण लक्षात आहे, एवढं समज.

आणि पुढे मी चुकीची ठरत गेले हेही लक्षात आहे. गाडीला कामं मिळायला लागली ती तिच्या रूपामुळे नाही, तुझ्यामुळे. फुलं लावताना चिकटपट्टी लावू द्यायची नाही, सुती दोऱ्यानेच बांधायची. वर-वधू बसले की आरसा वर फिरवून ठेवायचा, त्यांच्याकडे पाहायचं नाही. आणि तुझी ती पद्धत, जी तू कोणाकडून उचललीस मला माहीत नाही: लग्नघरी पोचलास की आधी मुलीच्या आईला गाडीत बसवायचं आणि एक चक्कर मारून आणायचं. तुझं म्हणणं, त्या दिवशी सगळ्या लग्नात ती एकटीच बाई बसलेली नसते. दहा मिनिटं तिला कोणी काही मागणार नाही. आया ते लक्षात ठेवायच्या. धाकटीच्या वेळी त्याच फोन करायच्या. गाडीकडे पाहून नाकं मुरडणारी माणसं त्यांच्या बायकांच्या हट्टापायी तुझ्याकडे यायची.

प्रज्ञा मेश्राम माझ्याकडे शिकायला आली ती एसटी कंडक्टरची मुलगी म्हणून. वडील सुट्टीच्या दिवशी तिला उमरेडहून घेऊन यायचे आणि बाहेर बाकावर बसून राहायचे. महिन्याभरात ती माझ्यापेक्षा चांगली रिव्हर्स घ्यायला लागली. आता उमरेडजवळच्या कोळसा खाणीत डंपर चालवते. चाकच तिच्याहून उंच आहे. तिने तुझी गाडी पाहिली तेव्हा ती म्हणाली, "काका, हे गाडी कोणाले विचारून नाही बनवली." तुला आयुष्यात कोणी एवढं खूश केलं नसेल. तू तिथेच शब्द देऊन बसलास.

तू जायच्या दोन दिवस आधी आपलं शेवटचं भांडण झालं. मी म्हटलं, गाडी म्हातारी झाली, एकेक सुटा भाग यायला महिने लागतात, आणि आजकालच्या नवरदेवांना छतातून डोकं बाहेर काढून नाचता येईल अशी उंच गाडी लागते. तू म्हणालास, "प्रज्ञाचं लग्न होऊ दे. मग पाहू." तुझं 'मग पाहू' म्हणजे 'नाही' हे मला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. मी तुला हट्टी म्हटलं आणि पोळ्या करायला उठले. त्यानंतर आपण दूध आणि गॅस सिलिंडर याशिवाय काही बोललो नाही.

चौथ्या दिवशी मीच प्रज्ञाला फोन केला. सांगितलं, की असं असं झालं आहे, घरात सुतक आहे, दुसऱ्या चांगल्या गाडीची व्यवस्था करून देते. ती रडली. मग म्हणाली, "आमच्यात सुतक राहत नाही, मॅडम. पण तुमच्या घरी राहते, तर राहू द्या. शब्द काकांनी दिला होता. तुम्ही थोडीच दिला."

तिने ते चांगल्या मनाने म्हटलं. मला मात्र रात्रभर... नाही, खोटं कशाला लिहू, मी झोपले. पण सकाळी उठल्यावर पहिलं तेच वाक्य आठवलं.

घरात विषय काढला. नानाकाका खुर्चीवरून उठलेच. माणूस जाऊन आठ दिवस होत नाहीत आणि त्याची गाडी लग्नाला? पिंडदान व्हायचं आहे. त्या लोकांना चालत असेल, उद्या काही कमीजास्त झालं तर नाव कोणाचं जाईल? आणि चालवणार कोण? मी म्हटलं, मी. यावर काका परत खुर्चीवर बसले. त्यांनाही दसऱ्याची गोष्ट माहीत होती. खरं सांगते, नावाची भीती मला काकांपेक्षा जास्त होती. अकरा वर्षं तू मिळवलेलं नाव होतं, आणि न चालवलेली गाडी घेऊन मी निघाले असते तर ते एका दिवसात घालवणं सोपं होतं.

वहिनी कोपऱ्यात सतरंजीवर बसली होती. तू गेल्यापासून ती कोणाशी धड बोलली नव्हती. ती म्हणाली, "सुतक माणसाले लागते, काकाजी. गाडीले काहून लागन? अन् ते गेले म्हणून त्याइचा शब्द गेला का?" मग उठून आत गेली आणि किल्ली आणून माझ्या हातात दिली. काका पाणी प्यायले. विषय संपला.

शेडमध्ये गेले तर बॅटरी उतरलेली. मला नवल वाटलं नाही. शाळेतला चार्जर आणला, लावला, आणि ती भरेपर्यंत पुस्तक काढून बसले. समासात तुझं अक्षर होतं. हे तू कधी केलंस मला माहीत नाही. मी वाचलेलं मराठीत, पेन्सिलीने, पानापानावर. 'हे बटन दोनदा नाही.' 'उताराले इथं लक्ष.' एका ठिकाणी नुसतं 'शोभाले विचार.' मी पुस्तक मिटलं आणि टायरमधली हवा तपासली.

आठव्या दिवशी सकाळी निघाले. पहिले पाच किलोमीटर माझा डावा हात नसलेला गिअर शोधत होता आणि डावा पाय नसलेला क्लच दाबत होता. मी एखाद्या नवशिकीसारखी मोठ्याने स्वतःला सूचना देत होते. दिघोरीच्या पुढे रस्ता मोकळा झाला. मग एका कोळशाच्या ट्रकवाल्याने इशारा न देता समोर गाडी घातली. मी ब्रेक मारला. भाऊ, गाडी रेषेत थांबली. डोकं हललं नाही, मागच्या सीटवरची हारांची टोपली सरकली नाही. इतकी वर्षं मी गाड्या चालवते, लोकांना ब्रेक शिकवते. असा ब्रेक माझ्या पायाखाली कधी आला नव्हता. ती आधी स्वतःशी विचार करते, हे खरं आहे. बरा विचार करते, हे मला माहीत नव्हतं.

म्हणजे अर्धं भांडण तू जिंकलास. दिसण्याचं नाही. पण चालण्याचं जिंकलास, आणि ते तुला अकरा वर्षांपूर्वीच जिंकता आलं असतं, मी किल्ली घेतली असती तर. हे मला लागून राहिलं आहे. तेवढं लागू दे.

उमरेडला पोचल्यावर मी आधी मेश्राम कंडक्टरांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. माझा भाऊ आठ दिवसांपूर्वी गेला आहे, तुमच्या पाहुण्यांपैकी कोणाला खटकणार असेल तर आत्ताच सांगा, मी परत जाते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ज्यानं शब्द दिला तो माणूस नाही राहिला, अन् तरी गाडी वेळेच्या आधी आली. मॅडम, मी तीस वर्षं एसटीत काढली. याच्यापेक्षा शुभ मी काही नाही पाहिलं."

तेवढ्यात प्रज्ञाच्या खाणीतल्या मैत्रिणी आल्या. सहाजणी, सगळ्या डंपर चालवणाऱ्या, जरीच्या साड्या नेसलेल्या. त्यांनी गाडीला फेरी मारली, पण नुसतं पाहायला नाही. एकीने वाकून सस्पेन्शन पाहिलं, एकीने बॉनेट उघडायला लावलं. समोरून कशी वाटते यावर त्यांच्यात लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणाली, सासू पाहते तशी पाहून राहिली. दुसरी म्हणाली, सासू नाही, सुपरवायझर. तिसरी म्हणाली, तुमाले कळत नाही, राणी आहे ते. मग तिघी माझ्याकडे वळल्या, निकाल द्या म्हणून. मी काय सांगणार? मी म्हटलं, माझ्या भावाला विचारलं असतं तर त्याने तिसरीला चहा पाजला असता.

या सगळ्यात मी एक गोष्ट विसरले. हार बांधत होते, सुती दोऱ्याने, तू बांधायचास तसेच. मान वर केली तर प्रज्ञाची आई गाडीच्या मागच्या दाराशी उभी होती. पांढरी साडी, हातात पाण्याचा जग, कोणीतरी हाक मारत होतं त्याकडे लक्ष नाही. उभी अशी होती, की तिला कोणीतरी सांगितलेलं आहे. तू सांगितलं असशील, शब्द देताना. मी दोरा टाकला, तिच्या हातातला जग घेऊन भिंतीवर ठेवला, दार उघडलं. आम्ही बाजाराच्या बाजूने जाऊन आलो. मी आरसा वर फिरवून ठेवला होता, त्यामुळे तिचा चेहरा मी पाहिला नाही. परत आल्यावर ती म्हणाली, "झोप लागली होती, बाई, मले." आणि जग उचलून आत गेली.

त्रिशरण, पंचशील झालं, माळा घातल्या, जेवणं झाली. संध्याकाळी प्रज्ञा पांढऱ्या साडीत बाहेर आली. गाडीत बसायच्या आधी ती समोर जाऊन उभी राहिली आणि बॉनेटवर हात टेकवला, एखाद्या मोठ्या माणसाच्या खांद्यावर टेकवतात तसा. मग बसली. मी दार टेकवलं. बाकीचं दाराने स्वतः ओढून घेतलं, आणि तिच्या नवऱ्याच्या गावच्या मंडळींनी 'आहा' म्हटलं.

तिला सासरी पोचवून मी गाडी वळवत होते तेव्हा एक गृहस्थ खिडकीशी आले. वरपक्षातले कोणी असावेत. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी गाडीकडे वरून खालून पाहिलं. आवडली की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. म्हणाले, "प्रज्ञाची आई सांगून राहिली होती. गाडी कोणाची आहे, जी?"

"माझ्या भावाची."

"मग त्यांचा नंबर देता का?"

भाऊ, तुझा नंबर माझ्या तोंडपाठ आहे. ओठापर्यंत आला होता. मी गाडी बंद केली, खाली उतरले आणि त्यांना सांगितलं, "माझा लिहून घ्या. गाडी मी चालवते."